साडेसव्वीस डॉलर ते कापसी-कोपरी : एका वर्गणीची गोष्ट

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

आपल्या यवतमाळात वर्गणी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नवरात्रात दुर्गादेवीची, त्याआधी गणपतीची, मग शाळेच्या गॅदरिंगची, मग कोणाच्या तरी ऑपरेशनची. आणि वर्षभर अधूनमधून क्लबवाल्यांची. रोटरी, लायन्स, जेसीज. ऑर्केस्ट्राची तिकिटं, लकी ड्रॉ, क्रिकेटचे सामने, सकाळची मॅरेथॉन, आणि शेवटी दारापेक्षा मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकसोबत फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी. तिसऱ्या दिवशी चौकातल्या टपरीवर कोणीतरी म्हणतंच, "पैसा जाते कुठी पण बापा?"

हा प्रश्न खवचट वाटला तरी खरा आहे. त्याचं उत्तर एकदा नीट शोधावं म्हणून मी एका वर्गणीचा माग काढला. ती जगातल्या सगळ्यात लांब चाललेल्या वर्गण्यांपैकी एक आहे. तिची सुरुवात अमेरिकेत झाली, आणि तिचा एक अवघड धडा थेट आपल्या घाटंजी तालुक्यात लिहिला गेला.

पण आधी आपल्या मातीतली गोष्ट, कारण थेंबे थेंबे तळे साचवण्याची अक्कल आपण काही परक्यांकडून उसनी आणलेली नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाच्या एका शिक्षकाने 'पैसा फंड' काढला. कल्पना इतकी साधी की ऐकणाऱ्याला हसू यावं. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होते. म्हणजे एक लाख माणसांनी पैसा दिला तर पंधराशे बासष्ट रुपये आणि आठ आणे. काळे गावोगाव फिरले, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला या पैशातून काचेचा कारखाना उभा राहिला. कारखाना म्हणण्यापेक्षा ती शाळाच होती. तिथे पोरांना काच वितळवायची, फुंकायची, घडवायची विद्या शिकवली जायची, आणि तिथे शिकलेले हात पुढे देशातल्या काच कारखान्यांत कामाला लागले.

पैसा फंडाने मुलांना बक्षीस वाटलं नाही, वह्या वाटल्या नाहीत. हुनर दिला. तरुणांसाठी गोळा केलेल्या पैशाचा इतका लांब पल्ल्याचा उपयोग त्यानंतर आपल्याकडे फार थोड्यांना साधला. मदतीसाठी नाटकाचे खेळ लावायची आपली पद्धतही तशीच जुनी. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले तो 'संयुक्त मानापमान' टिळक स्वराज्य फंडासाठीच होता. आजच्या आपल्या ऑर्केस्ट्राच्या तिकिटांची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

आता अमेरिका. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन मित्रांना घेऊन बैठक केली. पाळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात बसायचं म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला यात सेवा वगैरे फार नव्हती, एकमेकांच्या धंद्याला हातभार लावणं होतं. (आजही काही ठिकाणी तेवढंच आहे अशी कुजबुज असते, ती सोडून द्या.) १९१७ मध्ये आर्च क्लम्फ या अध्यक्षाने मांडलं की जगात काही चांगलं करायचं तर कायमचा निधी हवा. त्या निधीत पहिली देणगी आली कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून. किती? साडेसव्वीस डॉलर. पुढे कितीतरी वर्षं तो निधी रखडतच चालला. भारतात पहिला रोटरी क्लब कलकत्त्यात १९२० च्या सुमारास सुरू झाला, मुंबईत १९२९ मध्ये. लायन्सचा भारतातला पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत. तिथून ही मंडळी हळूहळू जिल्ह्याच्या गावांत आली, डॉक्टर, वकील, जिनिंगवाले, कापूस व्यापारी, प्राध्यापक यांच्या रूपाने.

पोलिओ आणि वर्गणी यांचं नातं मात्र रोटरीच्या आधीचं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये पोलिओ झाला होता. १९३८ मध्ये त्यांनी या रोगाविरुद्ध संस्था काढली, आणि रेडिओवरच्या एडी कँटर या विनोदी नटाने लोकांना सांगितलं की दहा सेंटचं एक नाणं थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरी पाठवा. त्या नाण्याला डाइम म्हणतात. व्हाइट हाउसच्या टपालखान्यात सुमारे २६ लाख ८० हजार नाणी येऊन पडली. सरकारी टपाल त्या ढिगात हरवलं म्हणतात. आपल्या पैसा फंडाचाच हा थोरला अवतार. या आणि पुढच्या वर्षांच्या वर्गणीतूनच साल्क यांच्या लसीचं संशोधन झालं, आणि १२ एप्रिल १९५५ रोजी ती लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. नंतर साबिन यांची तोंडाने द्यायची लस आली. आपल्याला माहीत असलेले ते दोन थेंब.

श्रीमंत देशांतून पोलिओ भराभर गेला. आपल्याकडे राहिला. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेत एक तरी लेकरू गुडघ्यावर हात दाबत चालायचं. ते कोणाला नवल वाटायचं नाही, तेच खरं भयंकर होतं.

१९७८-७९ मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते ऑस्ट्रेलियाचे क्लेम रेनूफ. देवी रोगाचं उच्चाटन होत आल्याचं त्यांच्या वाचनात आलं, आणि त्यांनी आपल्या एका डॉक्टर सहकाऱ्याला, जॉन सेव्हर यांना विचारलं की लसीने असा आणखी कुठला रोग संपवता येईल. उत्तर आलं : पोलिओ. २९ सप्टेंबर १९७९ रोजी फिलिपाइन्समध्ये पहिले थेंब पाजले गेले. साठ लाख मुलं, पाच वर्षं, आणि सात लाख साठ हजार डॉलरची कबुली. ते जमलं म्हणून धीर वाढला. १९८५ मध्ये रोटरीने 'पोलिओ प्लस' जाहीर केलं आणि बारा कोटी डॉलर जमवायचं ठरवलं. जमले चोवीस कोटी सत्तर लाख. ठरवल्याच्या दुपटीहून जास्त.

तो आकडा बघून १९८८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पोलिओ संपवायचा ठराव केला. तेव्हा १२५ देशांत पोलिओ होता आणि वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती, दिवसाला हजाराच्या आसपास. एका क्लबाच्या वर्गणीने जगातल्या सरकारांना हलवलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं मोठं काम वाटतं. वर्गणीच्या रकमेपेक्षाही मोठं. कारण पुढे खर्च कित्येक पटींनी वाढला आणि तो सरकारांनीच केला. भारतात तर शेवटच्या वर्षांत बहुतेक पैसा भारत सरकारचाच, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा होता. त्यामुळे 'पोलिओ आम्ही घालवला' असं कोणत्याही क्लबाने बॅनरवर लिहिलं तर त्याला प्रेमाने थांबवावं. पण 'आम्ही हट्ट सोडला नाही' असं लिहिलं तर हरकत नाही, ते शंभर टक्के खरं आहे.

९ डिसेंबर १९९५ ला देशभर पहिला पल्स पोलिओ दिवस झाला. इथून आपल्या जिल्ह्याचा भाग सुरू होतो, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

यवतमाळ जिल्हा म्हणजे सोळा तालुके. उमरखेड-पुसदपासून वणी-झरीपर्यंत. मधे जंगल, मधे घाट. बंजाऱ्यांचे तांडे, कोलामांचे पोड, पारध्यांचे बेडे, वीटभट्ट्या, ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं, कापूस वेचायला बाहेरून आलेली माणसं. लसीचा एक नियम असा की ती गार राहिली पाहिजे. साबिनची लस उष्णतेला फार नाजूक. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसला टेकतो, आणि लोडशेडिंगची ती वर्षं आठवा, बारा-बारा तास लाइन नसायची. अशा जिल्ह्यात लस जिल्ह्याच्या शीतगृहातून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजात, तिथून बर्फाच्या चार पॅकच्या छोट्या डब्यात, तिथून एसटीने, मोटरसायकलने, काही ठिकाणी पायी, पोडावरच्या लेकराच्या तोंडापर्यंत.

लस वाटेत तापली का हे कसं कळणार? त्यासाठी बाटलीच्या लेबलावर एक छोटा गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. लस तापत गेली की आतला पांढरा चौकोन काळवंडत जातो. चौकोन गोलाइतका गडद झाला की बाटली फेकायची. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ही खूण. शाळेतल्या पोरांना दाखवा, दोन मिनिटांत समजते. हा चौकोन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रविवारी सकाळी बूथ. शाळेत, अंगणवाडीत, देवळाच्या ओट्यावर. पिवळं बॅनर, थेंब पाजले की डाव्या हाताच्या करंगळीवर जांभळी शाई. मग सोमवारपासून घरोघर. भिंतीवर खडूने खूण, सगळी लेकरं झाली असतील तर 'पी', राहिली असतील तर 'एक्स', शेजारी तारीख. आजही जुन्या मातीच्या भिंतीवर एखादी पुसट खूण सापडते. एसटी स्टँडवर आणि रेल्वेत वेगळ्या टीम, प्रवासातल्या लेकरांसाठी. हे एकदा नाही. वर्षातून कित्येकदा, वर्षानुवर्षं. देशभरात एका फेरीला तेवीस-चोवीस लाख माणसं आणि सतरा कोटी मुलं.

या कामात क्लबांचा पैसा कशाला गेला? लोकांना वाटतं लस विकत घ्यायला. काही गेला तसा. पण बराचसा गेला अशा गोष्टींवर, ज्यांचा फोटो निघत नाही. गाड्यांचं पेट्रोल, बर्फ, बॅनर, ध्वनिक्षेपक, बूथवरच्या बायांचा नाश्ता, मुलांसाठी शिट्ट्या आणि टोप्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शोधमोहीम आणि प्रयोगशाळा. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की त्याची नोंद व्हायची, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, ते बर्फात घालून मुंबईच्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्रासारख्या प्रयोगशाळेत पाठवायचे. सांगा, शौचाचा नमुना बर्फाच्या डब्यातून मुंबईला पाठवायला वर्गणी द्या म्हटलं तर आपल्या मेन लाइनमधला कुठला दुकानदार पावती फाडेल? पण पोलिओ गेला तो या नमुन्यांमुळे. विषाणू कुठे उरला आहे हे त्यातूनच कळलं, आणि तिथेच पुन्हा पुन्हा जाता आलं.

आणि तारखा. जगाने ठरवलं होतं सन २००० पर्यंत पोलिओ संपवू. नाही संपला. रोटरीने ठरवलं होतं २००५ साली आपल्या शंभरीला पोलिओमुक्त जग भेट देऊ. नाही जमलं. उत्तर प्रदेशात मुरादाबादच्या बाजूला, बिहारमध्ये कोसीच्या पुरात, एकेका लेकराला दहा-दहा वेळा थेंब पाजूनही पोलिओ होत होता, कारण सतत जुलाब असलेल्या पोटात लस नीट रुजत नाही. अफवा पसरल्या, लोकांनी दारं लावली, मग रोटरीने मौलवींना सोबत घेतलं. २००९ मध्ये भारतात ७४१ मुलांना पोलिओ झाला, जगात सगळ्यात जास्त. त्या वर्षी कोणी म्हटलं असतं की सोडा हे, पैसे दुसऱ्या कामाला लावा, तर त्याला वेडा म्हणता आलं नसतं.

सोडलं नाही. २०१० मध्ये नवी दोन प्रकारांवरची लस आली आणि आकडा ४२ वर आला. त्या ४२ मधले ५ आपल्या महाराष्ट्रातले होते, हे आपण विसरतो. २०११ मध्ये फक्त एक. १३ जानेवारी २०११, हावडा जिल्हा, पश्चिम बंगाल. ती शेवटची नोंद. तीन वर्षं वाट बघून २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

इथे गोष्ट संपवली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण आपण यवतमाळचे.

३१ जानेवारी २०२१, रविवार. त्या वर्षी पोलिओचा रविवार आधी १७ जानेवारीला ठरला होता, पण १६ तारखेला कोविडची लस सुरू झाली म्हणून पुढे ढकलला. ३० जानेवारीला राष्ट्रपती भवनात राष्ट्रपतींनी लेकरांना थेंब पाजून मोहिमेचं उद्घाटन केलं. दुसऱ्या दिवशी घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात, पाच वर्षांखालच्या बारा लेकरांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर गेलं.

एका लेकराला उलटी झाली, बाकीच्यांनाही अस्वस्थ वाटायला लागलं. बाराही जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणलं. नशीब, सगळी बरी होऊन घरी गेली. चौकशी लागली, तिघांवर कारवाईचे आदेश निघाले. देशभरच्या वाहिन्यांवर दोन दिवस 'यवतमाळ' झळकलं. आपलं नाव एरवी कशासाठी झळकतं ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात ही भर.

तेव्हा आपण सगळ्यांनी काय केलं? शिव्या दिल्या. मीम फिरवले. मला तेव्हाही आणि आजही वाटतं, त्या बारा लेकरांच्या आईबापांना रागवायचा पूर्ण हक्क होता, पण आपल्यासारख्या लांबून बघणाऱ्यांनी जरा वेगळं बघायला हवं होतं. साडेसव्वीस डॉलरपासून निघालेली वर्गणी, बारा कोटीच्या जागी चोवीस कोटी, नंतरचे कित्येक अब्ज, तेवीस लाख माणसांची फौज, राष्ट्रपती भवनातलं उद्घाटन, हे सगळं एवढा प्रवास करून एका छोट्या गावातल्या टेबलापर्यंत पोचलं. आणि शेवटच्या एक फुटात चुकलं. टेबलावरच्या बाटलीपासून लेकराच्या ओठापर्यंतचं ते अंतर.

तो चौकोन आठवतो? पोलिओच्या बाटलीवर तो असतो, सॅनिटायझरवर नसतो. पोलिओची बाटली बर्फाच्या डब्यातून निघते, हाताला गार लागते. प्रत्येक वेळी बाटली उचलली की आधी चौकोन बघायचा, मग थेंब, ही सवय बोटात मुरलेली असेल तर ही चूक होणं फार कठीण. आणि सवय मुरते सरावाने. ते वर्ष कोविडचं होतं. उपकेंद्रांतली तीच माणसं दहा महिने सर्वेक्षण, क्वारंटाइन, स्वॅब, शिक्के यात पिळून निघाली होती. टेबलाटेबलावर सॅनिटायझर होतं, ते तर त्या वर्षीचं तीर्थच झालं होतं. यातून चूक माफ होत नाही. पण चूक कुठून आली ते कळतं.

आता मला सांगा, त्या सरावासाठी, उजळणीसाठी, टेबल कसं मांडायचं हे शिकवायला कोणी कधी वर्गणी काढली का? ऑर्केस्ट्रा ठेवला का? 'आशाताईंच्या लेबल वाचण्याच्या प्रशिक्षणास सहाय्य' असा पुठ्ठ्याचा चेक कोणी कधी बघितला का? पोलिओची लस म्हटली की पैसा मिळतो. लस देणाऱ्या हाताची उजळणी म्हटली की सगळे म्हणतात, ते सरकारने करावं. सरकारने करावंच. पण मग सगळंच सरकारने करावं, क्लब कशाला?

पोलिओ मोहिमेवर एक जुनी टीका आहे, आणि ती मला अर्धी पटते. एकाच रोगामागे एवढं मनुष्यबळ लावलं की नेहमीचं लसीकरण, बाळंतपणं, उपकेंद्राची रोजची कामं मागे पडतात. नर्सबाई पोलिओला गेल्या की बाकीचं कुलूप. बिहार-उत्तर प्रदेशात हे झालं. पण दुसरा अर्धा भाग असा की पोलिओनेच पहिल्यांदा प्रत्येक पोड, प्रत्येक वीटभट्टी, प्रत्येक बेडा कागदावर आणला. त्या याद्या पुढे कोविडलाही कामी आल्या.

आपल्याकडच्या क्लबांचं दुसरं मोठं काम डोळ्यांचं. १९२५ मध्ये हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधांसाठी काम करा म्हणाल्या, तेव्हापासून लायन्स म्हटलं की मोतीबिंदू. एके काळी शाळेच्या वर्गात, मंगल कार्यालयात खाटा टाकून शेकड्याने ऑपरेशनं व्हायची. फोटो छान यायचे. पण जंतुसंसर्गाने डोळे गेल्याच्या घटना देशात ठिकठिकाणी झाल्या, आणि सरकारी धोरण बदललं : गावात फक्त तपासणी, ऑपरेशन दवाखान्यातच. हा बदल वर्गणी काढणाऱ्यांना सुरुवातीला आवडत नाही, कारण तपासणीला आणि रुग्णाच्या जाण्या-येण्याच्या भाड्याला कोणी फीत कापायला येत नाही. ज्या क्लबांनी तो स्वीकारला, त्यांचं काम टिकलं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे, पटलं नाही तर भांडा. आपल्या जिल्ह्यातल्या क्लबांनी वर्षाला बारा महिन्यांत बारा उपक्रम करणं बंद करावं. अध्यक्ष दर जुलैला बदलतो, नवा अध्यक्ष नवी टूम काढतो, आणि जुनं काम फाइलमध्ये जातं. पोलिओचं जे जमलं, ते चाळीस वर्षांतल्या चाळीस अध्यक्षांनी एकच काम पुढे ढकललं म्हणून जमलं. त्यातले बरेच जण अपयशाच्या वर्षी अध्यक्ष होते. २००५ वाल्याच्या वाट्याला काय आलं असेल, विचार करा. शंभरी होती आणि भेट तयार नव्हती.

आपल्याकडे असं एक काम समोर पडलेलं आहे. सिकलसेल. आपल्या भागात कोलाम, गोंड, परधान, आंध, आणि दलित वस्त्यांतही हा आजार रक्तातून पिढ्यान् पिढ्या येतो. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी लेकरू होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला बहुधा त्रास नसतो, म्हणून त्याला कळतच नाही. साध्या तपासणीत संशय कळतो, मग पुढची पक्की तपासणी लागते. १ जुलै २०२३ ला केंद्राने राष्ट्रीय मोहीम सुरू केली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवण्याचं लक्ष्य. म्हणजे पैसा आहे, यंत्रं आहेत, तारीखही आहे. नाही ते काय? तपासणी झालेल्या पोराला त्याचं कार्ड हातात देऊन, त्याच्या भाषेत, ते पिवळं की लाल आणि त्याचा अर्थ काय, लग्नाच्या वेळी ते कार्ड का बघायचं, हे सांगणारं माणूस. आजारी लेकरांच्या गोळ्या महिन्याला चुकू नयेत म्हणून त्याच्या दारी जाणारं माणूस. कॉलेजातली शंभर पोट्टे-पोट्टी, गोंडी आणि कोलामी बोलणारी, वर्षभर नीट शिकवून तयार करायची, त्यांना मानधन द्यायचं. तरुणांचंही काम, आरोग्याचंही काम, आणि पैसा फंडासारखं हातात हुनर देणारं.

याला वर्गणी मागायला गेलं की पहिला प्रश्न येईल, फोटो कशाचा काढायचा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. आपल्या राज्यात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. गणेश मंडळांना हे कलम तोंडपाठ आहे, कारण परवानगी दाखवल्याशिवाय मंडप पडत नाही. क्लबवाले बहुधा आपल्या ट्रस्टमधून व्यवहार करतात, त्यांचं ऑडिट होतं. पण ते ऑडिट कपाटात राहतं. ज्या चौकात तिकिटं विकली, त्याच चौकात वर्षाच्या शेवटी एक फलक लावा : एवढे जमले, ऑर्केस्ट्रावाल्याला एवढे दिले, मंडपाला एवढे, कामाला एवढे. ऑर्केस्ट्राचा खर्च कामाच्या रकमेपेक्षा जास्त निघाला तर लाजायला होईल, होऊ द्या. पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा रद्द होईल आणि लोक तसेच पैसे देतील. आपले लोक देतात हो. कापूस पडेल भावाने विकून आलेला माणूससुद्धा दवाखान्याचं नाव काढलं की खिशात हात घालतो, हे मी कितीदा बघितलंय.

एक शेवटचं काम तुमच्याकडे. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा, उमरखेड, कुठल्याही गावातल्या क्लबाच्या जुन्या सभासदाच्या घरी नव्वदच्या दशकातली पल्स पोलिओची पावतीपुस्तकं, बूथच्या याद्या, बैठकीच्या वह्या, ते पिवळं बॅनर असं काही माळ्यावर पडलं असेल तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत देऊ नका. निवृत्त नर्सबाई, आरोग्य सेवक यांच्याकडे तर खजिना असणार, कोण कोणत्या पोडावर किती वेळा गेलं याचा. मला कळवा, मी येऊन फोटो काढून नेईन, वही तुमच्याकडेच राहील. घाटंजी तालुक्यापासून सुरुवात करायचा विचार आहे.